अकरा वाटे

१९९४ सालच्या माघात माझी दुर्पता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि ती आली त्याच आठवड्यात मुंडले सरांनी त्यांच्या मासोळीला माझं नाव दिलं.

मी तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या जुन्या गोदामात दगड साफ करत बसले होते. सर आत आले, दाराशी चप्पल काढली आणि खुर्चीत बसताना दोन्ही गुडघे धरून "अरे देवा" म्हणाले. त्यांचे गुडघे त्या वर्षी फारच धरले होते.

"गिरजाबाई, सुई ठेवा जरा."

"मासोळीचा एवढा कल्ला होऊ द्या, सर. आता ठेवली तर पुन्हा हात बसत नाही."

"बावीस कोटी वर्षं थांबलाय तो कल्ला. पाच मिनिटं आणखी थांबेल."

मी सुई ठेवली. सरांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. एकतीस पानं, टाइप केलेली, मध्ये मध्ये त्यांनी हाताने काढलेली चित्रं. डोक्याचं चित्र, शेपटाचं चित्र, खवल्यांच्या रांगा. पहिल्या पानावर एका शब्दाखाली त्यांनी बोट ठेवलं.

"हे तुमचं नाव आहे."

"हे तर इंग्रजी आहे."

"लॅटिन. जगात कुठंही गेलं तरी हे असंच लिहितात." खिशातली पेन्सिल काढून त्यांनी त्या शब्दाखाली मराठीत लिहिलं, आणि मी एकेक अक्षर लावत वाचलं. गि-रि-जा-ई.

"माशाला दोन नावं असतात," सर म्हणाले. "पहिलं घराण्याचं, दुसरं त्याचं स्वतःचं. घराण्याचं नाव जुन्या लोकांनी देऊन ठेवलंय. दुसरं मी द्यायचं होतं. गिरिजाई, म्हणजे गिरिजेची."

"माझं काहून, सर? मी मासे धरणाऱ्या ढिवराची बाई. तुमच्या घरच्या बाईंचं द्या."

"बाई हसतील. चोवीस वर्षं चिखलात घालवलीत आणि शेवटी माशाला माझं नाव देता म्हणतील." ते स्वतःच हसले आणि मग थांबले. "दोन वर्षं सुईने उकरून तुम्ही तो बाहेर काढलात. मी नुसतं मोजलं."

आमचं गाव प्राणहितेच्या काठावर, सिरोंच्याच्या बाजूला. नदीपलीकडे लाल मातीचा पट्टा आहे. त्या मातीत फार जुन्या काळच्या मासोळ्या दगड होऊन पडल्या आहेत. सर नागपूरच्या एका संस्थेत होते. दर वर्षी मार्गशीर्षात यायचे, खड्डे खणायचे, फाल्गुन सरता सरता जायचे. मी आधी त्यांच्या कामावर भाकरी भाजायला लागले. एक दिवस त्यांनी मला बोटभर दाभणाने जाळं शिवताना पाहिलं आणि एक दगड हातात दिला. म्हणाले, मासोळी दगडाच्या आत आहे, वरची माती काढा, पण मासोळीला लागू देऊ नका. तेव्हापासून हंगामात मी खड्ड्यावर खणायला जायची आणि एरवी वर्षभर गोदामात बसून तेच करत होते. माणसं येऊन बघायची आणि म्हणायची, गिरजा मेलेल्या मासोळ्या पुन्हा साफ करते.

चोवीस वर्षांत सरांना नवी मासोळी एकही मिळाली नव्हती. जे मिळालं ते कुणी ना कुणी आधी लिहून ठेवलेलं. मे अखेरीला ते निवृत्त होणार होते. संस्थेतली तरणी माणसं त्यांना पाठीमागे "गाळवाले मुंडले" म्हणायची, हे मला जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं. सरांनाही ते माहीत असणार. ही एक मासोळी तेवढी त्यांची होती, आणि सोमवारी जीप जाणार होती. तिच्याबरोबर मासोळी जाणार आणि एकतीस पानंही जाणार. पानं पुढे छापायला जाणार होती.

मासोळी नवी का, ते मलाही ठाऊक होतं. कारण त्याची सुरुवात माझ्याच बोलण्यातून झाली होती. डोकं आणि शेपूट दोन्ही साफ करून झाल्यावर मी सहज म्हटलं होतं, "सर, हे तोंड चिखलात चरणारीचं आहे. दात बोथट आहेत, गोगलगायी फोडून खाणारीचे. अन् शेपूट तर धारेत पळणारीचं. मग ही राहायची कुठं? दिवसा एकीकडे, सांजेला दुसरीकडे?"

सर उठून उभे राहिले होते. "तेच! तेच तर नवं आहे, गिरजाबाई. असं तोंड आणि असं शेपूट एका अंगाला कुणी पाहिलेलंच नाही!"

मी आयुष्यभर मासोळ्या कापल्या. तशी मासोळी मीही पाहिली नव्हती. पण बावीस कोटी वर्षांपूर्वीच्या मासोळीचं मी काय सांगणार? मधला भाग खणतानाच भुगा झाला असणार असं धरून तिथे आम्ही प्लास्टर भरलं. डोक्याची रुंदी आणि शेपटाची रुंदी जुळत होती. दोन्ही एकाच पुडक्यातून निघाले होते.

"आता एक काम राहिलं," सर त्या दिवशी म्हणाले. "नव्वद सालच्या सगळ्या पुडक्यांतल्या चिठ्ठ्या पाण्याने खराब झाल्यात. नव्या कार्डांवर उतरवायच्या आहेत. मला भिंगाशिवाय दिसत नाही. तुम्हाला आता वाचता येतं. कराल?"

"करीन."

"शाई नीट वापरा. ती कार्डं आपल्या दोघांच्या मागे राहणार आहेत."

एवढं बोलून ते पाठ टेकायला शाळेच्या खोलीवर गेले. जेवलेसुद्धा नाहीत.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकले. साक्षरतेचा वर्ग समाजमंदिरात दुपारी भरायचा. शिकवणारी पोरगी माझ्या दुर्पतापेक्षा लहान होती आणि मला "आजी, रेघ सोडू नका" म्हणायची. त्याआधी मी अंगठा द्यायची. सरांच्या चिठ्ठ्या मी कितीदा हाताळल्या होत्या, पण त्यांत काय लिहिलं आहे ते कधी विचारलं नव्हतं. कागद म्हणजे कागद.

पहिलं पुडकं उघडलं. चिठ्ठीवरचे डाग बाजूला ठेवून एकेक अक्षर लावलं. "नदीकडचा खड्डा. खालचा थर. ४ मार्च १९९०." कार्डावर उतरवलं. अक्षर वाकडं आलं, पण आलं. मग कोणता दगड ते बघायला आतलं डोकं हातात घेतलं.

ते डोकं नदीकडच्या खड्ड्यातलं नव्हतं.

ते मी स्वतः काढलं होतं, टेकाडावरच्या खड्ड्यातून, ताडाच्या मुळाशी. काढताना माझं नख उलटं झालं होतं आणि सरांनी त्यावर त्यांच्याजवळचं लाल औषध लावलं होतं. कोणत्या दगडाने नख गेलं ते बाई विसरत नाही.

वाटलं, सरांनी चुकीचं लिहिलं असेल. दुसरं पुडकं उघडलं. "टेकाडावरचा खड्डा." आतलं शेपूट नदीकडचं. ते मी उचललं तेव्हा ओलं होतं, नदीकडच्या खड्ड्यात पाणी झिरपायचं. तिसरं उघडलं. मग चौथं उघडायच्या आधीच हात थांबले. चूक कुणाची ते मला कळलं होतं.

आता ते सांगते.

१९९०च्या फाल्गुनात सरांना हिवताप भरला. कामावरची माणसं होळीसाठी आपापल्या गावी गेली. सर शाळेच्या खोलीत गोधडीखाली थरथरत होते, आणि अचानक आभाळ फुटलं. गारा आणि पाऊस. पुडकी नुकतीच बांधून आमच्या काठावरच्या तंबूत ठेवली होती, तंबू उडाला. मी एकटीने सगळे दगड उचलून या गोदामात आणले. वर्तमानपत्राचे कागद लगदा झाले होते, सुतळ्या सुटल्या होत्या. चिठ्ठ्या मी चुलीजवळ पसरून वाळवल्या. अकरा चिठ्ठ्या, एकही हरवू दिली नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता.

मग दगड बांधायला घेतले. पाहते तर काय, एका सुटलेल्या पुडक्यात तीन डोकी आणि शेपूट नाही, दुसऱ्यात नुसती शेपटं. मला वाटलं, बांधणाऱ्या पोरांनी धांदरटपणा केला. आमच्यात सगळ्यांनी मिळून जाळं ओढलं की मासोळीचे वाटे करतात. मोठी मासोळी असली तर कापतात. पण प्रत्येक वाट्यात डोक्याचा तुकडा आणि शेपटाचा तुकडा आलाच पाहिजे. कुणाला नुसती डोकी, कुणाला नुसती शेपटं असं चालत नाही, त्यावरून भांडणं होतात. वाटे लागले की ज्याची त्याची खूण गोळा करायची. कुणाची काडी, कुणाचा मणी, कुणाचं पान. आणि डोळे मिटून एकेका वाट्यावर एकेक खूण ठेवायची. कोणती कशावर पडली ते बघायचं नसतं. बघितलं तर तो अन्याय.

मी तसंच केलं. अकरा वाटे लावले. प्रत्येकात एक डोकं, एक शेपूट, रुंदीने जुळेल असं बघून. आणि प्रत्येकावर एक चिठ्ठी ठेवली. डोळे मिटले होते की नाही ते आठवत नाही. मिटले नसते तरी काय फरक पडला असता?

सर आठ दिवसांनी काठी टेकत आले. बांधलेली अकरा पुडकी बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "गिरजाबाई, तुम्ही माझं वर्ष वाचवलंत."

घरी गेले तेव्हा दुर्पता ओट्यावर पाय पसरून बोरं खात होती. आठवा सरून नववा लागला होता तिला.

"काय व माय, तोंड काहून उतरलं?"

मी सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, बोराची बी अंगणात थुंकली आणि विचारलं, "ती मासोरी मरून किती वरसं झाली म्हणते?"

"बावीस कोटी."

"मंग? ते येऊन तक्रार करनार हाये का, माझं शेपूट बदललं म्हनून?"

"थट्टा नको करू."

"थट्टा नाई करत. आता हे कोनाले मालूम हाये? तुले एकटीले. तू बोलशील तर त्या म्हाताऱ्याचं काय होईल ते सांग. चार महिन्यांत घरी बसनार हाये ना तो?"

"हो."

"घरी बसल्यावर त्याच्यापाशी हेच एक राहनार ना?"

"हो."

"मंग तू काहून पापात पडते? गुमान राय."

मी चूल पेटवायला उठले. ती मागून म्हणाली, "अन् त्याच्यावर तुहं नाव हाये म्हनते ना?"

"आहे म्हणूनच ना, दुर्पते."

"आहे म्हनून तं अजिबात बोलू नको! आपल्या अख्ख्या गोतात कोनाचं नाव छापून आलं हाये? मतदारयादीत बी तुहं नाव चुकलं होतं."

ते खरं होतं. तिने पोटावर हात ठेवला आणि भिंतीला डोकं टेकलं. "तू सांगशीलच," ती म्हणाली. "माझा बापू जिवंत असता तं त्याने बी तुले अडवलं नसतं. मले बोरं दे अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गोदामात आले तेव्हा मी कार्डं लिहिली नव्हती. पहिलंच एक काय ते टेबलावर होतं. सरांनी ते उचललं आणि लांब धरून वाचलं.

"अक्षर चांगलं आहे. बाकीची?"

"सर, बसा."

"बसतो. काय झालं? लेकीचं काही...?"

"नाही. ती बरी आहे. सर, मी त्या पावसाच्या साली दगड बदलले."

त्यांना कळलं नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं. लगदा झालेले कागद, तीन डोकी, वाटे, काड्या, चिठ्ठ्या. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे प्लास्टरमध्ये बसवलेली ती मासोळी होती. डोकं आणि शेपूट, मध्ये पांढरा पट्टा.

बाहेर कुणीतरी नावेची फळी ठोकत होतं.

"सगळी अकरा?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"डोकं आणि शेपूट, प्रत्येकात एक?"

"एक. जुळतील असे बघून."

"जुळतील असे बघून," ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला, आणि पुसतच राहिले. "गिरजाबाई, चार वर्षं झाली त्याला. तुम्ही त्या दिवशी एकट्या होता. पावसात भिजलेल्या, घाबरलेल्या. वाचता येत नव्हतं. माणसाची आठवण इतकी पक्की नसते. बाकीच्यांत घोळ झाला असेल, मी मानतो. पण हे एक पुडकं कदाचित सुटलंही नसेल. जसंच्या तसं बांधलेलं असेल. असू शकतं की नाही?"

इतक्या वर्षांत सरांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. भाकरीसुद्धा "असली तर द्या" म्हणायचे. त्या दिवशी ते मागत होते. मी नुसतं "असेल" म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. त्यांनी पुढे काही विचारलं नसतं, मी पुढे काही सांगितलं नसतं, आणि सोमवारी जीप गेली असती.

मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सरांनी चष्मा घातला. "छिन्नी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"काय करता?"

"खालची बाजू तुम्ही साफ केली नव्हती ना? प्लास्टरमध्ये बसवायची म्हणून?"

"नव्हती."

"मग तिथे माती असेल. टेकाडावरची माती वेगळी, नदीकडची वेगळी. मला द्या ती छिन्नी."

"तुमचे हात कापतात, सर. मी काढते."

ती मासोळी प्लास्टरमधून काढायला मला दुपार झाली. बसवताना मी तीन दिवस घेतले होते. सर खुर्चीत बसून होते, मध्येच डोळे मिटायचे. मी दोन्ही दगड उताणे करून त्यांच्या पुढ्यात ठेवले. भिंगाची गरजच नव्हती. डोक्याच्या खाली विटेसारखी लाल माती होती. शेपटाच्या खाली तीच लाल, पण तिच्यात हिरवट पट्टे, नदीकडच्या खड्ड्यात होते तसे. तरी सरांनी भिंग लावलं. एकदा डोक्यावर, एकदा शेपटावर, मग पुन्हा डोक्यावर.

"दोन वेगळ्या मासोळ्या," ते म्हणाले. "दोन वेगळ्या थरांतल्या. त्यांच्यात किती काळ गेला असेल कोण जाणे. काही लाख वर्षं असतील."

"मग आता हिचं काय?"

"डोकं जुनंच आहे. तसल्या डोक्याची मासोळी एका साहेबाने साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलीय. मी दोन वर्षं म्हणत होतो, डोकं तसंच आहे पण शेपूट बघा, शेपूट बघा."

"अन् शेपूट?"

"नुसत्या शेपटावरून नाव देत नाहीत."

त्यांनी एकतीस पानं पिशवीत घातली, पिशवीचा बंद ओढला आणि गाठ मारली. मला वाटलं, आता उठून जातील. पण ते म्हणाले, "बाकीची दहा काढा."

"आज?"

"सोमवारच्या आत व्हायला हवं. चुकीच्या चिठ्ठ्यांनी एकही दगड नागपूरला जाणार नाही."

आम्ही पुढचे चार दिवस तेच केलं. बावीस दगड टेबलावर मांडले, चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. जे मी स्वतः खणून काढले होते ते मला ओळखू आले. नखाचं डोकं, ओलं शेपूट, एक डोकं जे मी लुगड्याच्या ओच्यात बांधून आणलं होतं. असे नऊ निघाले. प्लास्टरमधून काढलेल्या त्या दोन दगडांना तर खाली माती होतीच, ते धरून नऊ. उरलेल्या तेरा दगडांचं काय करायचं?

"माती बघू," सर म्हणाले.

मी एकेक दगड उलटा करून दाखवला. माती नव्हती. एकाही दगडाला कणभर माती नव्हती. सांदीकोपऱ्यांतूनसुद्धा मी सुईने काढून टाकली होती. चार वर्षं मी तेच तर केलं होतं. खवले काढलेल्या मासोळीसारखे ते दगड चकचकीत होते.

सरांनी त्यांतला एक हातात घेऊन फिरवला. "फार स्वच्छ काम आहे तुमचं," ते म्हणाले. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

"सर, अंदाजाने सांगू का? टेकाडावरची डोकी जरा काळपट असायची. हे आणि हे टेकाडाचं असावं."

"असावं नको."

"बहुतेक तेच आहे."

"बहुतेक पण नको, गिरजाबाई. माझ्यानंतर कुणीतरी येईल, तरणंताठं, घाईत असलेलं. तो तुमचा बहुतेक वाचणार नाही. तो खड्ड्याचं नाव वाचेल आणि त्यावर दुसरी मासोळी उभी करेल. जशी मी केली."

मग त्यांनी तेरा कोरी कार्डं माझ्यापुढे ठेवली आणि काय लिहायचं ते सांगितलं. मी शाई घेतली. "ठिकाण माहीत नाही." एक झालं. खाली तारीख. खाली सरांची सही. "ठिकाण माहीत नाही." दुसरं झालं. तिसऱ्याला हात भरून आला. वर्गात त्या पोरीने आम्हाला स्वतःचं नाव, गावाचं नाव, जिल्ह्याचं नाव लिहायला शिकवलं होतं. हे लिहायला शिकवलं नव्हतं. पण सगळी अक्षरं येत होती.

नवव्या कार्डाच्या वेळी सर म्हणाले, "खाली तुमचंही नाव लिहा. कार्ड लिहिणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे."

"माझी चूक म्हणून?"

"तुमचं अक्षर म्हणून."

मी लिहिलं. गिरजा सोनुले. आधीच्या आठांवरही लिहिलं, आणि पुढच्या चारांवर.

संपल्यावर सर उठले. गुडघे धरले, "अरे देवा" म्हणाले, आणि दाराशी चप्पल शोधू लागले. एक चप्पल पालथी पडली होती. मी ती सरळ केली. ते म्हणाले, "तुम्ही मंगळवारी सांगितलंत. आणखी सहा दिवस थांबला असता तर उशीर झाला असता."

"तुम्हाला तसं बरं झालं असतं का, सर?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. "माहीत नाही," ते म्हणाले. "आज थकलोय. नंतर कधीतरी सांगेन."

सोमवारी जीप आली. ड्रायव्हरने पेट्या चढवल्या. सर पुढे बसले, पिशवी मांडीवर. मी म्हटलं, "पुढच्या मार्गशीर्षात या." ते म्हणाले, "आता कोण पाठवणार मला?" मग म्हणाले, "लेकीचं कळवा." जीप वळणावर गेली. मी गोदामाला कुलूप लावून किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीला दिली.

दुर्पताला त्या महिन्याच्या अखेरीला मुलगी झाली. मी सरांना पोस्टकार्ड टाकलं, माझ्या हाताने लिहून. उत्तर आलं, दोन ओळींचं. आशीर्वाद, आणि डोळ्यांची काळजी घ्या, असं होतं. मासोळीबद्दल काही नव्हतं. संस्थेने पुढच्या वर्षी आमच्याकडे कुणाला पाठवलं नाही. गोदामात सोसायटीने पुन्हा सुकट भरली. मी जाळी शिवायला लागले आणि नंतर डोळे गेल्यावर तेही सोडलं.

सरांनी नाव दिलेली अशी एकही मासोळी जगात नाही. ते तेरा दगड नागपुरात कुठल्यातरी कपाटात असतील.

वामनराव मुंडले नागपुरात स्वतःच्या घरी, १९ ऑक्टोबर १९९६ रोजी, शनिवारी सकाळी वारले. त्यांचं वय बासष्ट होतं.